पुन्हां विद्यार्थिदशेंत

आपल्या शास्त्रकारांनीं माणसाच्या आयुष्याचे चार आश्रम पाडले आणि त्यांचा क्रमही ठरवून दिला. आधीं विद्या शिकावी, ती संपली कीं गुरूला दक्षिणा देऊन घरीं यावें आणि संसाराला लागावें, अशी ही सोपी व्यवस्था आहे. परंतु संसार अर्ध्यावर आला असतां, डोक्यावरचे केस एका बाजूनें पांढरे व दुसऱ्या बाजूनें विरळ होऊं लागले असतां, ज्याला पुन्हां पाटी-दप्तर घेऊन बसण्याची बुद्धि होते त्यानें स्वतःस कोणत्या आश्रमांत गणावें, याचा निर्णय शास्त्रकारांनीं दिलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. आमच्या सौभाग्यवतींनीं मात्र तो तत्काळ दिला. "अहो, चिरंजीव दहावीला आणि तुम्ही एम्.ए.ला कीं काय तें! आतां रात्रीचा चहा किती जणांचा ठेवूं तेवढें सांगा," असें म्हणून त्या स्वयंपाकघरांत निघून गेल्या.

वस्तुतः तो अभ्यासक्रम एम्.ए.चा नव्हता. सार्वजनिक आरोग्य या विषयाचा तो दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असून नोकरी न सोडतां, इंटरनेटवरून पुरा करावयाचा होता. आम्ही व्यवसायानें डॉक्टर. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, सातपुड्याच्या रांगांत, एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर आमचीं चौदा वर्षें गेलीं आहेत. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा काढलेला हा जिल्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांस वर्तमानपत्रांतील कुपोषणाच्या बातम्यांपलीकडे फारसा ठाऊक नसतो. दक्षिणेस तापीकांठचें काळें, सपाट रान. नंदुरबारच्या आसपास हिंवाळ्यांत दूरवर वाळत पडलेल्या तांबड्या मिरच्यांच्या पथाऱ्या. आणि शहादें-तळोदें ओलांडून वर चढूं लागलें कीं अक्राणी व अक्कलकुवा हे डोंगराळ तालुके आणि त्यांच्या पलीकडून वाहणारी नर्मदा. २०११ च्या जनगणनेंत जिल्ह्याची वस्ती १६,४८,२९५ भरली, व तींत शेंकडा ६९ लोक आदिवासी होते. आमच्या भागांत ते मुख्यतः भिल्ल व पावरा. येथें गांव एके ठिकाणीं वसलेलें नसतें. एकेका टेंकडीवर थोड्या घरांचा एकेक पाडा, आणि असे अनेक पाडे मिळून कागदोपत्रीं एक गांव. सरकारी नियमानें सपाटीवर ३०,००० व डोंगराळ आदिवासी भागांत २०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें. वीस हजार हा आंकडा लहान वाटतो. पण तो पायीं चालून पाहिला म्हणजे त्याची लांबी समजते.

आतां एवढ्या वर्षांनंतर हें शिकण्याचें खूळ आमच्या डोक्यांत कां शिरलें, असें कोणी विचारील, तर त्याचें उत्तर एका जुलाबाच्या रोग्यांत आहे. हा रोगी दोन वर्षांचा होता. पहिल्या पावसांत तो आमच्याकडे आला, आम्हीं त्याला क्षारसंजीवनी पाजली, तो हंसूं लागला आणि आईच्या कडेवर बसून घरीं गेला. तीन आठवड्यांनीं तोच रोगी, तोच रोग व तेंच औषध. तिसऱ्या वेळीं तो आला तेव्हां त्याच्याबरोबर त्याच पाड्यावरचीं आणखी चार मुलें होतीं. वैद्यकाच्या महाविद्यालयांत आम्हांस एका वेळीं एक माणूस बरा करावयास शिकविलें होतें. पाडाच्या पाडा आजारी पडला म्हणजे नाडी कोणाची पाहावी, हें कोणी शिकविलें नव्हतें. झऱ्याची नाडी पाहावी, हें आमच्या ध्यानांत यावयास तीन महिने लागले, याची आम्हांस लाज वाटली. आणि ही लाज हीच आमची प्रवेशपरीक्षा होय असें आम्ही समजतों.

नोकरी सोडून मोठ्या शहरीं शिकावयास जाणें शक्य नव्हतें. पगार थांबला असता हें एक कारण. आणि आम्ही निघालों तर आमच्या खुर्चीवर कोणी येऊन बसेल याचा भरंवसा नव्हता, हें दुसरें. म्हणून दूरस्थ शिक्षणाचा मार्ग. या मार्गाला बरीच मोठी परंपरा आहे. लंडन विद्यापीठानें आपल्या परीक्षा दूरच्या विद्यार्थ्यांस १८५८ सालींच खुल्या केल्या. आपल्याकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ सालीं व नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं निघालें. आणि २०१७ पासून केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर कितीतरी विषयांचीं व्याख्यानें घरबसल्या ऐकतां येऊं लागलीं. परंतु आमच्या मतें दूरस्थ शिक्षणाचा मूळपुरुष एकलव्यच होय. त्याचे गुरु मातीचे होते, आमचे कांचेवरचे, एवढाच भेद. आमच्या गुरूंनीं अंगठा मागितला नाहीं, शुल्क मात्र चार हप्त्यांत घेतलें. अंगठा आम्ही रोज सकाळीं केंद्राच्या हजेरीयंत्रावर ठेवतों, तो निराळाच. या अंगठ्याचें तर आमच्या जिल्ह्याशीं विशेष नातें आहे; कारण देशांतील पहिलें 'आधार' पत्र २९ सप्टेंबर २०१० रोजीं याच जिल्ह्यांतील टेंभली गांवीं दिलें गेलें. तेव्हां माणसें मोजण्याच्या कामीं तरी नंदुरबारकरांस कोणी नांवें ठेवूं नयेत, अशी आमची समजूत होती. ती कशी फिटली, हेंच आम्हांस आज सांगावयाचें आहे.

प्रथम आमच्या पाठशाळेचें वर्णन करणें अवश्य आहे. केंद्राच्या इमारतींत मोबाइलला रेंज मिळत नाहीं. ती मिळते मागच्या टेंकडीवर, एका मोहाच्या झाडाखालीं. तेव्हां बाह्यरुग्णविभाग आटोपला कीं लॅपटॉप पाठीस लावून आम्ही टेंकडी चढत असूं, व आठवड्याचीं व्याख्यानें उतरवून घेऊन अंधार पडतां पडतां खालीं येत असूं. शेळ्या राखणारीं मुलें प्रथम दुरून पाहत. पुढें जवळ येऊन बसूं लागलीं. व्याख्यानाचा इंग्रजी आवाज व महाराजांचें मध्येंच थबकून उघडें राहिलेलें तोंड हीं दोन्ही त्यांस सारखींच मनोरंजक वाटत. रात्रीं घरच्या मेजाच्या एका टोंकाला चिरंजीव भूमिति करीत व दुसऱ्या टोंकाला आम्ही जीवसांख्यिकी करीत असूं. एकदां मध्यगा आणि सरासरी यांतील भेद आम्हांस त्यांनीं समजावून दिला, व त्याचा उल्लेख पुढें महिनाभर पाहुण्यांसमोर केला.

आणि सहाध्यायी? ते आठवड्यांतून एकदां पडद्यावरच्या लहान लहान चौकटींतून दिसत. कोणी आसामांतील चहाच्या मळ्यावरचे डॉक्टर, कोणी नागपूरच्या परिचारिका, कोणी केरळांतील दंतवैद्य. वर्गांत शेजारीं बसून खडूचा तुकडा मारण्याची, मास्तर गेल्यावर कट्ट्यावर वाद घालण्याची सोय या विद्यापीठांत नाहीं. ग्रंथालयांत भलतेंच पुस्तक हातीं लागून दुपार फुकट जाण्याचें सुख नाहीं. हें नुकसान खरें आहे व तें आम्ही लपवीत नाहीं. मात्र या पद्धतींत एक लाभ असा आहे कीं, विद्यार्थ्याला आपले रोगी सोडून जावें लागत नाहीं. जामखेडास १९७० सालीं काम मांडणारे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे काय, किंवा गडचिरोलीस १९८६ सालीं 'सर्च' ही संस्था काढणारे डॉ. अभय व डॉ. राणी बंग काय, या दोन्ही दांपत्यांस ही विद्या शिकण्यासाठीं अमेरिकेंत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत जावें लागलें. तीं परत आलीं व खेड्यांत बसलीं, ही महाराष्ट्रावर त्यांची कृपा. आम्ही त्यांच्या पासंगासही पुरणार नाहीं. पण त्यांनीं जे धडे समुद्रापलीकडे गिरविले त्यांतले कांहीं मोहाच्या झाडाखालीं गिरविण्याची सोय आमच्या पिढीस झाली, हें नाकारतां येत नाहीं.

या शास्त्राच्या पहिल्याच प्रकरणांत जॉन स्नो भेटतो. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर १८५४ सालीं पटकीची साथ आली, तेव्हां यानें मेलेल्यांचीं घरें नकाशावर मांडलीं व सर्व ठिपके एका पंपाभोंवतीं दाटलेले दाखविले. पण आम्हांला अधिक ओढ लागली ती आपल्या घरच्या गोष्टींची. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. डॉ. हाफकिन यांनीं लस तयार केली, ती १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगांत लस घेतलेले कैदी व न घेतलेले कैदी यांची तुलना मांडली. त्याच साथींत पुण्यास रोग्यांची शुश्रूषा करतांना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजीं वारल्या. एकाच वर्षांतील या दोन गोष्टी आम्ही एकाच रात्रीं वाचल्या. एकींत रोगी मोजलेला आहे व दुसरींत तो पाठीवर घेतलेला आहे. आणि दोहोंपैकीं एकीवांचून दुसरी अपुरी राहते असें आमच्या मनानें घेतलें.

बंग दांपत्याचा १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झालेला निबंध आमच्या अभ्यासक्रमांत नेमलेला होता. खेड्यांतील बायांनाच शिकवून त्यांच्याकडून घरोघर नवजात बालकांची काळजी घेवविली, तेव्हां ३९ गांवांतील नवजातांचे मृत्यू, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, शेंकडा ६२ नीं उतरले. पुढें ही पद्धति सरकारनें आशा कार्यकर्त्यांच्या कामांत घेतली. हा परिणाम आम्हांस पूर्वींच ठाऊक होता. जें ठाऊक नव्हतें तें हें कीं, उपचाराला हात घालण्यापूर्वीं त्यांनीं त्या गांवांतील जन्म आणि मृत्यु कसोशीनें मोजण्याची व्यवस्था लाविली होती. आम्हांस तें वाचून थोडें हंसूं आलें. मोजावयाचें काय त्यांत? आमच्या केंद्रांत नोंदवह्यांचें एक कपाटच आहे.

आणि नेमका पुढचाच गृहपाठ आला: आपल्या कार्यक्षेत्रांतील एका वर्षाचा बालमृत्युदर काढा. आम्हीं मनाशीं म्हटलें, हे गुण पदरांत पडले. बालमृत्युदर म्हणजे एक साधा अपूर्णांक. वर्षांत जिवंत जन्मलेलीं मुलें छेदस्थानीं. वर्षाच्या आंत दगावलेलीं मुलें अंशस्थानीं. आणि त्याला हजारानें गुणावयाचें. २०२० सालीं हा दर सबंध भारताचा २८ व महाराष्ट्राचा १६ होता. आम्हीं वह्या काढल्या, अर्ध्या तासांत भागाकार केला, आणि उत्तर पाहून आम्हांस प्रथम आनंद व मग शंका आली. आमच्या डोंगरांतला दर महाराष्ट्राच्या दराहूनही कमी निघाला होता!

शंका घेऊन आम्ही आमच्या सर्वांत जुन्या आशाताईंकडे गेलों. या बाई चौथीपर्यंत शिकलेल्या. परंतु पाड्यांवरील कोणत्या घरांत पाळणा कधीं हलला हें त्यांस वहीवांचून सांगतां येतें. आमचा अपूर्णांक त्यांनीं शांतपणें ऐकून घेतला.

"साहेब, दिवाळीनंतर गांवांत किती माणसें राहतात?" त्यांनीं विचारलें.

"निम्मीं असतील, ताई."

"मग बाकीच्या बायांचीं पोरं तुमच्या वहींत कशीं येतील?"

वाचकहो, येथें थोडें विवरण केलें पाहिजे. आमच्याकडे पावसाचें एक पीक निघालें कीं पोटाला काम राहत नाहीं. दिवाळी होते न होते तोंच मुकादमांचे ट्रक येतात, आणि उचल घेतलेलीं कुटुंबें ऊंसतोडीसाठीं गुजरातेंत, बारडोलीच्या बाजूला, निघून जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाई गर्भार असली तरी जोडी मोडत नाहीं, कारण उचल फिटावयाची असते. फडाच्या कडेला पालांत मूल जन्मतें. आतां १९६९ च्या कायद्याप्रमाणें जन्म व मृत्यु जेथें घडेल तेथेंच नोंदवावा लागतो, व त्यासाठीं २१ दिवसांची मुदत असते. परंतु तोंवर फड तुटून पाल दुसऱ्या गांवीं गेलेलें असतें. तिकडच्या दप्तरीं तीं माणसें परक्या जिल्ह्यांचीं. इकडच्या दप्तरीं तीं बाहेरगांवीं गेलेलीं. मूल जगलें तर पुढेंमागें कोणत्या तरी वहींत शिरतें. न जगलें तर तें अंशांतही नाहीं व छेदांतही नाहीं. आमचा भागाकार बिनचूक होता. मुलेंच त्यांतून गळून पडलीं होतीं.

आम्ही दोघे व उपकेंद्राच्या सिस्टर असे तिघे पुढचे सहा रविवार पाडोपाडीं हिंडलों. उन्हाळ्याचे दिवस, घराघरांवर आमचुरासाठीं आंब्याच्या फोडी वाळत घातलेल्या. आशाताई पावरीत विचारीत व आम्ही लिहून घेत असूं. जीं नांवें कोणत्याच वहींत नव्हतीं तीं सर्व एका पानावर मावलीं. तें पान मोठें नव्हतें. परंतु त्यांतील चौथी ओळ लिहितांना आमचा हात थांबला, कारण त्या बाईस आम्ही ओळखत होतों. कार्तिकांत, सातव्या महिन्यांत, आम्हींच तिला तपासून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. फाल्गुनांत ती तापासाठीं पुन्हां आमच्याकडे आली होती. तिच्या कडेवर कोणी नव्हतें. आम्हीं तापाचें औषध लिहून दिलें, आणि पुढच्या रोग्यास बोलाविलें. ती कांहीं बोलली नाहीं, आणि आम्हीं विचारलें नाहीं. त्या दिवसाचा केसपेपर आमच्या अक्षरांत अजून आहे.

त्या रात्रीं आम्हीं घरीं हा सर्व प्रकार सांगितला. सौभाग्यवती बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "अहो, मग इतकीं वर्षें तुम्ही मोजत होतां तरी काय?" या प्रश्नास उत्तर नसल्यामुळें आम्हीं दिवा मालवला.

आतां प्रश्न असा कीं, गृहपाठांत कोणता अपूर्णांक लिहावा? आमचे परीक्षक हजार मैल दूर. त्यांस कोणताही चालला असता. पण गृहपाठांत एक व सरकारी अहवालांत दुसरा, असे दोन अपूर्णांक ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटेना. आम्हीं मासिक अहवालांत दुरुस्ती करून ती वर पाठविली. याच अहवालाबद्दल पूर्वीं एका बैठकींत आमचें कौतुक झालें होतें. लौकरच पत्र आलें: आपल्या क्षेत्रांत बालमृत्यूंत एकाएकीं वाढ होण्याचें कारण तीन दिवसांत कळवावें. आम्हीं कळविलें कीं, मृत्यू वाढले नसून मोजणी वाढली आहे. वाढलेले मृत्यू मागेंच होऊन गेले आहेत. पुढच्या बैठकींत आमचें नांव शेवटच्या रांगेंत वाचलें गेलें. त्याचें वाईट वाटलें नाहीं असें म्हटलें तर तें खोटें होईल. परंतु बैठक संपल्यावर शेजारच्या एका केंद्राचे तरुण डॉक्टर जिन्याशीं गांठून हळूच म्हणाले, "सर, ती रविवारची पद्धत जरा सांगाल का?" तेव्हां आमचा खेद निम्म्यावर आला.

शेवटच्या परीक्षेची हकीकत थोडक्यांत सांगतों. ही परीक्षा घरींच, पण कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढें द्यावयाची असते. त्यासाठीं आम्ही दोन दिवसांची रजा काढून शहाद्यास एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. पहिला दिवस सुखरूप पार पडला. दुसऱ्या दिवशीं पेपरास अर्धा तास झाला असेल, तोंच केंद्रावरून सिस्टरांचा फोन: बाळंतिणीला रक्तस्राव, गाडी घेऊन शहाद्याकडेच निघालों आहों. फोन घेतांच यंत्रानें आम्हांस ताकीद दिली. उठलों तेव्हां त्यानें परीक्षा बंद केली. बाई व मूल दोन्ही वांचलीं. यंत्राचा नियम योग्यच होता, व आमचें उठणेंही योग्यच होतें. दोन योग्य गोष्टी एका वेळीं घडल्या म्हणजे सहा महिन्यांनीं फेरपरीक्षा द्यावी लागते, एवढेंच आम्ही त्यांतून शिकलों. फेरपरीक्षेंत आम्ही उत्तीर्ण झालों. चिरंजीवांस दहावीला आमच्याहून अधिक गुण पडले, हें येथें नमूद करण्याविषयीं त्यांचा आग्रह आहे.

पदवीचा कागद संगणकांत आला व संगणकांतच राहिला; त्यानें पगार वाढला नाहीं. या शिक्षणाची एकच वस्तु आमच्यापाशीं आहे, ती म्हणजे एक दोनशें पानी वही. राज्याच्या महिला व बालविकास विभागानें २०२२ सालीं स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय पद्धति सुरू केली आहे, व ती योग्य दिशेनें आहे; परंतु संगणकाला जें सांगावयाचें तें आधीं कोणीतरी पाड्यावर जाऊन विचारावें लागतें, म्हणून आमची वही चालूच आहे. दिवाळीपूर्वीं, अस्तंब्याच्या यात्रेची गर्दी ओसरण्याच्या आंत, आशाताई पाडोपाडीं फिरून कोणती गर्भार बाई कोणत्या मुकादमाबरोबर कोणीकडे निघाली व तिला कितवा महिना, हें तींत लिहवून घेतात. वाटेंतल्या दवाखान्यासाठीं बाईच्या हातीं तपासणीचा कागद व आमचा फोन नंबर दिला जातो. आणि फाल्गुनांत, भोंगऱ्या बाजारांत ढोल वाजूं लागले कीं, होळीसाठीं परतणाऱ्या माणसांत आशाताई वही घेऊन उभ्या राहतात व एकेका ओळीपुढें खूण करतात. आतां आम्ही विचारतों. कडेवर मूल असलें तरी विचारतों, नसलें तरी विचारतों. नसलें तर विचारणें फार जड जातें, पण बाया सांगतात. कोणी विचारावें याची त्या वाटच पाहत होत्या असें कधीं कधीं वाटतें.

यंदाची होळी होऊन गेली. वहींतील एका ओळीपुढें अजून खूण झालेली नाहीं. त्या जोडीची उचल फिटावयाची आहे, आणि आखाजीपर्यंत तीं येतील, असें सासूनें आशाताईंना सांगितलें आहे.